जोर-बैठकांत जे राहून जातं: घरच्या घरी पूर्ण अंगाचा व्यायाम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात व्यायाम म्हटलं की आधी जोर-बैठकाच आठवतात, आणि ते बरोबरच आहे. जोर मारताना छाती, खांदे, दंडाची मागची बाजू आणि पोट एकदम कामाला लागतं. बैठकांनी मांड्या तयार होतात, दमही वाढतो. अडचण एवढीच की नुसत्या जोर-बैठकांनी अंग एकांगी होतं. जोर म्हणजे ढकलणं. ओढण्याचं काम त्यात जवळजवळ नाहीच. बैठकीत मांडीची पुढची बाजू राबते, मांडीमागचे स्नायू मात्र थोडक्यात सुटतात. वर्षभर असंच चाललं की खांदे पुढे यायला लागतात, हात डोक्यावर नेताना खांद्यात पुढच्या बाजूला टोचतं, आणि धान्याचं पोतं उचलायची वेळ आली की कंबर आधी बोलते.

जुन्या तालमीत ही उणीव राहत नव्हती. तिथं मल्लखांब होता, दोर चढणं होतं, लढतीत समोरच्याला खेचणं होतं. आखाड्याची तांबडी माती फावड्यानं खणून काढणं हाच कमरेचा आणि पाठीचा व्यायाम होता. घरी येताना आपण त्यातल्या दोनच गोष्टी उचलल्या. राहिलेल्या गोष्टी जिमशिवाय, घरातल्या सामानावर कशा भरून काढायच्या ते इथं सांगितलं आहे.

अंगाच्या दृष्टीनं कामं पाच: ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून वाकून उठणं, आणि मधलं अंग ताठ धरणं. प्रत्येक दिवशी पाचही झाली पाहिजेत. आज छाती, उद्या पाठ, परवा पाय अशी वाटणी वजनं उचलणाऱ्यांसाठी ठीक आहे. आठवड्यातून तीनच दिवस वेळ मिळणाऱ्याचा एक दिवस चुकला, तर त्या वाटणीत एक अवयव पूर्ण आठवडा कोरडा राहतो.

सामान म्हणाल तर एक चटई, एक न डुगडुगणारं स्टूल किंवा खुर्ची, एक जाड सुती चादर, एक जुना टॉवेल, आणि लटकायला काहीतरी भक्कम.

सुरुवात अंग मोकळं करण्यापासून

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच गार असते. गार अंगानं पहिलाच जोर मारला की खांदा किंवा मनगट धरतं. आधी सात-आठ मिनिटं द्या. जागच्या जागी दोन मिनिटं हलकं पळा किंवा दोरीवरच्या उड्या मारा. मग दोन्ही हात पुढून मागे आणि मागून पुढे दहा-दहा वेळा फिरवा. दोन्ही हात व गुडघे जमिनीला टेकवून पाठ आठ वेळा वर फुगवा, खाली सोडा. दहा सावकाश बैठका घ्या. शेवटी मनगटं फिरवा, तळहात जमिनीला लावून अंगाचा भार हळूहळू पुढे न्या. हलका घाम आला की पुरे. ताण देऊन एकाच जागी मिनिट-मिनिट थांबायचं ते व्यायाम संपल्यावर, आधी नाही.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला अंगण चार महिने ओलंच असतं, फरशीवर शेवाळ धरतं. त्या दिवसांत पडवीत किंवा खोलीत करा. ओल्या फरशीवर पुश-अप करताना हात सटकला की सरळ हनुवटीच आपटते.

ढकलणं

पुश-अप येत नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. खरं तर पुश-अपचं वजन हात-पाय किती उंचीवर ठेवता त्यावर ठरतं. जमिनीवरच्या साध्या पुश-अपला हातांवर अंगाच्या साधारण 64 टक्के भार येतो. हात 30 सेंटीमीटर उंच पायरीवर ठेवले तर तो 55 टक्क्यांच्या आसपास येतो, 60 सेंटीमीटरच्या कट्ट्यावर ठेवले तर 40 च्या. उलट पाय 60 सेंटीमीटर वर ठेवले तर 74 टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणजे 70 किलोच्या माणसाला कट्ट्यावर 28-29 किलो, जमिनीवर 45 किलो, आणि पाय पलंगावर ठेवून जवळपास 52 किलो. हीच तुमची वजनांची रांग. घरातली पायरी, कट्टा, पलंग टेपनं मोजून ठेवा.

तळहात खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवा. कोपरं अंगापासून साधारण 45 अंशांत राहू द्या. थेट बाजूला पसरली की खांद्याच्या सांध्यावर ताण येतो, आणि बहुतेकांची खांदेदुखी इथूनच सुरू होते. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत. खाली जाताना तीन सेकंद, छाती जमिनीपासून चार बोटांवर येईपर्यंत. वर येताना एक सेकंद. कंबर लोंबायला लागली की तो सेट (न थांबता मारलेली एक फेरी) तिथंच संपला, मग आकडा काही का असेना. मनगट दुखत असेल तर मुठीवर करा, किंवा दोन विटा आडव्या ठेवून त्या धरून करा. तालमीत विटांवर जोर मारतात, त्यात मनगट सरळ राहतं.

तालमीतला जोर वेगळा. त्यात कुल्ले वर असतात, तिथून छाती जमिनीलगत सरकवत पुढे न्यायची, डोकं वर काढायचं आणि परत मागे यायचं. खांदे आणि पाठ मोकळी ठेवायला याला तोड नाही. फक्त शेवटी कमरेला जी कमान पडते ती कंबरदुखी असलेल्यांना सोसत नाही. त्यांनी सपाट पुश-अपच करावा.

डोक्याच्या दिशेनं ढकलायचा व्यायाम दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. हात जमिनीवर, कुल्ले जितके वर जातील तितके वर, पाय हातांच्या जवळ. आता कोपरं वाकवून डोकं हातांच्या थोडं पुढे जमिनीकडे न्या. सहा झाले तरी भरपूर.

ओढणं, म्हणजे खरी अडचण

इथं थोडं जास्त बोलायला हवं. अंगाच्या वजनावर ढकलायला जमीन पुरते, ओढायला मात्र काहीतरी धरावं लागतं. म्हणून हाच भाग गाळला जातो.

सगळ्यात सोपं म्हणजे चादर-ओढ. जाड सुती चादरीच्या एका टोकाला मुठीएवढी घट्ट गाठ मारा. ती गाठ दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे टाका, दार लावा, कडी घाला. दार तुमच्यापासून पलीकडच्या बाजूला उघडणारं हवं. मग तुम्ही जितकं ओढाल तितकं ते चौकटीवर घट्ट बसतं. आपल्याकडे उघडणाऱ्या दारावर हे केलं तर सगळा भार कडीवर येतो, आणि कडीचे स्क्रू निघाले की माणूस पाठीवर. बाथरूमचं पीव्हीसी दार किंवा पोकळ फ्लश दार याला चालत नाही. जुनं सागवानी किंवा फणसाचं दार उत्तम. पलीकडच्या माणसाला सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी दार उघडेल.

चादरीचं लोंबतं टोक दोन्ही हातांत गुंडाळून धरा, पाय दाराजवळ आणा, अंग ताठ ठेवून मागे रेला. आता कोपरं बरगड्यांना घासत मागे न्या, छाती दाराकडे आणा. वर आल्यावर पाठीची दोन्ही पाती जवळ घेऊन एक सेकंद थांबा, मग तीन सेकंदांत सावकाश मागे. पाय जितके दाराच्या जवळ तितकं अंग आडवं होतं आणि काम जड होतं. सोपं करायचं तर एक पाऊल मागे सरका. नेहमी होणारी चूक म्हणजे कंबर पुढे ढकलून वर येणं. अशानं पाठीला काहीच मिळत नाही.

टेबलाखाली आडवं पडून त्याची कडा धरून ओढायचा प्रकारही चांगला. पण टेबल लाकडी, जड आणि चारही पाय फरशीला नीट टेकलेलं हवं. प्लास्टिकचं किंवा घडीचं टेबल अंगावर येतं.

दुसरा प्रकार लटकण्याचा. या भागातल्या पोरांना तो शिकवावा लागत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे आणि गावोगावची पोरं पहाटे भरतीची तयारी करताना बीम (बारला लटकून हनुवटी वर नेणं) मारतातच. जुन्या घरात तुळई असते, तिला धरता येतं. स्लॅबच्या घरात तेवढी सोय नसते. मग शाळेच्या मैदानावरचा बार, नाहीतर आंब्याची किंवा चिंचेची मनगटापेक्षा जाड, जिवंत फांदी. शेवग्याच्या फांदीला कधीच लटकू नका. दिसायला जाड असते, पण लाकूड ठिसूळ, कडकन मोडते.

एकही बीम येत नसेल तर पहिले दोन-तीन आठवडे नुसतं लटकायचं, 20 सेकंद तीनदा. खांदे कानांपर्यंत सोडून देऊ नका, थोडे खाली ओढून धरा. त्यानंतर स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवा, पाय सोडा आणि पाच सेकंद मोजत खाली या. असे चार-पाच. आठ सेकंदांत खाली येणं पाच वेळा जमायला लागलं की पहिली पूर्ण बीम सहसा जवळ आलेली असते. झोका देऊन मारलेल्या बीमनं आकडा वाढतो, पाठीला त्याचा उपयोग नाही.

पाय: पुढची बाजू आणि मागची बाजू

बैठक सगळ्यांना येते म्हणून तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. तालमीतली बैठक टाच उचलून, गुडघे पुढे नेऊन, हात मागून पुढे फेकत, झपाझप मारतात. सरावलेल्या पैलवानाला ती झेपते, कारण तो लहानपणापासून हळूहळू वाढवत आलेला असतो. पस्तिशीत नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पहिल्याच दिवशी शंभर मारल्या तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं धरलं तर ते लवकर जात नाही. सुरुवात टाचा टेकवून करा: पाय खांद्याएवढे रुंद, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, तीन सेकंदांत खाली, सावकाश वर. खाली जाताना टाच उचलली जात असेल तर टाचांखाली दोन बोटं जाडीची फळी ठेवा. पंधरा नीट व्हायला लागल्या की आकडा वाढवत बसण्यापेक्षा एका पायावर या. मागच्या पायाचा चवडा स्टुलावर ठेवून पुढच्या पायावर बसा, आठ-दहा वेळा प्रत्येक पायानं. एवढ्यात मांडी पेटते.

मागच्या बाजूसाठी पूल. उताणं झोपून गुडघे वाकवा, टाचा जमिनीत रोवून कुल्ले वर उचला, दोन सेकंद धरा. कमरेतून नव्हे, कुल्ल्यांतून उचला. कंबर दुखली तर कमान जास्त पडते आहे असं समजा आणि कमी उंच जा. पंधरा सोपे वाटले की एका पायानं.

त्यापुढची पायरी म्हणजे टॉवेलची सरक, आणि गुळगुळीत टाइल्सवर ती फार छान होते. दोन्ही टाचांखाली टॉवेलची घडी ठेवा, कुल्ले वर उचला आणि टाचा हळूहळू लांब सरकवा, पाय जवळजवळ सरळ होईपर्यंत. मग कुल्ले खाली पडू न देता टाचा परत ओढून घ्या. खडबडीत शहाबादी फरशीवर टॉवेल अडकतो. तिथं टॉवेलऐवजी जुनी प्लास्टिकची पिशवी घ्या. पहिल्यांदा सहा सुद्धा होत नाहीत आणि मांडीमागे गोळा येतो. परत ओढणं जमत नसेल तर फक्त बाहेर सरकवा, कुल्ले टेकवा आणि पुन्हा सुरुवातीपासून.

मधलं अंग

शंभर क्रंचेस मारून पोट कमी होत नाही. या स्नायूंचं काम कमरेचा कणा हलू न देणं हे आहे, तेच त्यांना करायला लावा. कोपरांवर प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग फळीसारखं ताठ धरणं), पोट आत, कुल्ले आवळलेले, 30 सेकंद. नीट आवळून धरलेला अर्ध्या मिनिटाचा प्लँक लोंबत धरलेल्या तीन मिनिटांपेक्षा जास्त काम देतो. दुसऱ्या दिवशी कुशीवरचा प्लँक, एकेका बाजूला 20 ते 30 सेकंद. श्वास रोखून धरू नका, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी.

आठवडा कसा मांडायचा

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन पत्रकं आलटून पालटून: एका आठवड्यात पहिलं, दुसरं, पहिलं, पुढच्या आठवड्यात दुसरं, पहिलं, दुसरं.

पहिलं पत्रक: पुश-अप 8 ते 12, चादर-ओढ 8 ते 12, बैठका 15, टॉवेलची सरक 6 ते 8, प्लँक 30 सेकंद. सगळ्याचे तीन सेट.

दुसरं पत्रक: कुल्ले वर ठेवून डोक्याच्या दिशेनं ढकलणं 6 ते 10, लटकणं किंवा बीम (जितकी येतात त्यापेक्षा एक-दोन कमी, चार सेट), स्टुलावर पाय ठेवून एका पायाची बैठक 8 ते 10, एका पायाचा पूल 10. बीम सोडून सगळ्याचे तीन सेट. शेवटी कुशीवरचा प्लँक, दोन सेट.

वेळ वाचवायचा तर जोड्या लावा: ढकलण्याचा एक सेट, मिनिटभर थांबून ओढण्याचा एक सेट, परत तेच. छाती काम करते तेव्हा पाठ विश्रांती घेते. पायांच्या दोन व्यायामांचीही तशीच जोडी. असं केलं की चाळीस मिनिटांत सगळं उरकतं.

प्रत्येक सेट संपताना आणखी दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. दर वेळी पार गळून जाईपर्यंत मारलं तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, नाहीतर कोपर धरतं. तीनही सेटमध्ये पत्रकातला वरचा आकडा, आणि तोही सलग दोन वेळा, झाला की पुढच्या पायरीवर जा: हात खाली आणा, पाय दाराच्या जवळ न्या, दोन पायांवरून एका पायावर या. वहीत तारीख आणि आकडे लिहा. आठवणीवर ठेवलं की माणूस स्वतःला चार जास्तच मोजतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि त्याशिवाय 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचं चालणं-पळणं लागतं. मधल्या दिवशी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर भरभर चाला, किंवा येळ्ळूरचा राजहंसगड चढून या.

दिवसभराचं काम बघून बदल

वडगाव-खासबागला मागावर दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्या आधीच थकलेल्या असतात. त्यांनी व्यायाम कामाआधी करावा आणि शेवटी भिंतीला पाय लावून पाच मिनिटं पडून राहावं. निपाणीत मांडी घालून, मान वाकवून विड्या वळणाऱ्या बायकांना ढकलण्यापेक्षा ओढण्याची गरज जास्त. त्यांनी चादर-ओढीचे चार सेट आणि पुश-अपचे दोन करावेत, आणि पूल एकही दिवस चुकवू नये. चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीच्या हंगामात कंबर दिवसभर वाकते. त्या महिन्यांत टॉवेलची सरक आणि पूल एकेका सेटवर आणले तरी चालतं. बसून गाडी चालवणाऱ्यांना उलट तेच दुप्पट हवं.

खाण्याचं थोडक्यात: जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. व्यायामानंतर तासा-दोन तासांत पोटभर प्रथिनं मिळतील असं बघा. दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, पेलाभर दूध 8 ग्रॅम. हुलग्याची किंवा मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी हे ताट चांगलंच आहे. फक्त उसळीची वाटी मोठी हवी. कुंदा, ही बेळगावची मिठाई, सणावाराला.

कधी थांबायचं

स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात ते चालायचंच, हलक्या हालचालीनं जातं. सांध्यात टोचणारं, एकाच बिंदूवर दुखणारं, किंवा पायात मुंग्या आणणारं दुखणं वेगळं. तो व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, चक्कर, किंवा धाप बसत नसेल तर तिथंच थांबा. हर्निया असलेल्यांनी आणि बाळंतपणाला सहा महिने न झालेल्यांनी प्लँक सुरू करण्याआधी विचारून घ्यावं.

गणपतीचे अकरा दिवस व्यायाम बुडतोच, सुगीतही बुडतो. दोन आठवड्यांचा खाडा पडला तर परत सुरू करताना एक पायरी खाली या, तीनऐवजी दोन सेट घ्या, आणि जुना आकडा गाठायला आठवडाभर द्या. पहिल्याच दिवशी बुडालेलं सगळं भरून काढायला गेलं की पुढचे चार दिवस पुन्हा बुडतात.